कुंकू लागलेली फ्लॉपी

मी फ्लॉपी धुतलेली आहे. पाण्यात, रिठे घालून. हे सांगितलं की माझा भाचा, जो आता पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, माझ्याकडे दया आल्यासारखा बघतो. पण मी खोटं कशाला सांगू? धुतली, वाळवली आणि वाचलीसुद्धा. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे आमच्या ह्यांनाही माहीत आहे.

ज्यांनी फ्लॉपी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरमधलं लिखाण साठवायला एक काळं चौकोनी पाकीट असायचं. जुनी पाकिटं चांगली जेवणाच्या ताटाएवढी. आत पातळ, तपकिरी, गोल चकती. पाकिटाला एका बाजूला लांबट खिडकी कापलेली असायची आणि तिच्यातून ती चकती दिसायची. मशीनमध्ये घातली की चकती आतल्या आत फिरायची आणि मशीनचं एक बारीकसं टोक त्या खिडकीतून तिला टेकून सगळं वाचायचं. त्या टोकाला आम्ही हेड म्हणत असू. खिडकीला बोट लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवायचे. मी तर आल्यागेल्याला सांगायची आणि कुणी ऐकलं नाही तर हातावर फटका मारायची. गिऱ्हाईक असलं तरी.

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका लहानशा कॉम्प्युटर केंद्रात होते. बाजारात नवी मशीनं आली, त्यांना लहान फ्लॉपी लागायची. लोकांचं जुनं सगळं त्या ताटाएवढ्या फ्लॉप्यांवर, आणि नवं मशीन त्यांना आत घेईना. मग ते आमच्याकडे यायचे. मी एक जुनं आणि एक नवं मशीन शेजारी शेजारी मांडलं होतं आणि मध्ये माझ्या हातानं डाग देऊन केलेली वायर. ह्याच्या बोलण्याची तार त्याच्या ऐकण्याच्या खुंटीला, आणि त्याची ह्याच्या. ती अदलाबदल केली नाही तर दोघंही बोलत बसतात आणि ऐकत कोणीच नाही, आमच्या वाड्यातल्या बायकांसारखं. वायर नीट लागली की जुन्यातलं एकेक अक्षर नव्यात जायचं, सावकाश, गोगलगाईच्या चालीनं. मी समोर बसून आवाज ऐकायची. हेड पुढं सरकलं की टक् व्हायचं. टक्‌टक् एका लयीत असली तर मी स्वेटर विणायची. लय चुकली की सुया खाली.

गिऱ्हाईक एकेक नमुने. सीताबर्डीवरचे एक कापडवाले शेठ मोठी फ्लॉपी आणि लहान फ्लॉपी दोन हातांत धरून कितीतरी वेळ वजन करत बसले. एवढ्या मोठ्यातलं एवढ्याशात मावेल कसं, दाबून भरलं तर काही सांडणार नाही ना, हा त्यांचा प्रश्न. काम झाल्यावर म्हणाले, आता ही मोठी रिकामी झाली ना? मी म्हटलं, नाही शेठ, नक्कल केली, माल दोन्हीकडे आहे. तर त्यांना वाटलं मी त्यांचा धंदा स्वतःसाठी ठेवून घेऊन राहिली. लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या एकानं आपल्या सगळ्या फ्लॉप्या "जपून" भोंग्यावर रचून ठेवल्या होत्या. भोंग्यात लोहचुंबक. काय उरणार? त्याला परत पाठवताना मला फार वाईट वाटलं. असे पुष्कळ गेले माझ्या हातून, वेळ टळून गेल्यावर आलेले. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

पण आज सांगायची आहे ती वासनिक मॅडमची गोष्ट.

डॉ. वासनिक एका शेतकी संशोधन केंद्रात जवसावर काम करायच्या. बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं मोजकं. दसरा नुकताच झाला होता. त्या आमच्या जिन्यावरून आल्या तेव्हा त्यांच्यामागे त्यांच्या ऑफिसचा शिपाई सदूभाऊ होता, पन्नाशीचा उंच माणूस, आणि त्याच्या हातात पितळी ताटात, वर स्वच्छ रुमाल झाकून, दोन फ्लॉप्या. मी रुमाल उचलला. दोन्हींच्या खिडकीवर, बरोबर मधोमध, ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकू आणि चिकटलेल्या अक्षता.

मी रुमाल परत झाकला आणि खुर्चीत बसले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

झालं असं होतं. नागपुरात खंडेनवमीला ऑफिसातलं प्रत्येक हत्यार पुजलं जातं. जीप, टाइपरायटर, कुदळी, सगळं धुऊन पुसून, झेंडूची माळ घालून. आमच्याही केंद्रात पूजा व्हायची, पण माझ्या धाकानं माळ फक्त स्टॅबिलायझरला पडायची. मी विणकराच्या घरची. आमच्या मागाला वडील कुंकू लावायचे ते खांबाला, ताण्याला, म्हणजे उभ्या सुतांना, कधी नाही. सदूभाऊंना ते कोण सांगणार? वासनिक मॅडम खंडेनवमी-दसऱ्याच्या त्या दोन दिवसांत ऑफिसला नसायच्या. त्या दीक्षाभूमीवर. बाहेरगावाहून आलेल्या माणसांना पाणी द्यायचं काम त्यांच्या घरानं छप्पन सालापासून धरलेलं. त्या स्वतः पूजा करत नसत, पण सदूभाऊंची पूजा त्यांनी कधी अडवली नाही, प्रसादाचा शिराही खात. किल्ल्या सदूभाऊंकडे. त्यांनी मनापासून सगळं केलं.

"मशिनीले लावलं, टेबलाले लावलं, मंग हिलेच काहून सोडू?" सदूभाऊ मला म्हणाले. "आन् ते खिडकीची जागा कशी कपाळासारखी दिसे."

मला रागातही हसू आलं, कारण खरंच तशी दिसते.

सुट्टीनंतर मॅडम आल्या, घाईत होत्या, पाकिटाची ती बाजू न बघता फ्लॉपी मशीनमध्ये घातली. किंचाळल्यासारखा आवाज झाला, वाचलं काही गेलं नाही. मग त्यांनी जे केलं ते शंभरातले शंभर लोक करतात. एक चालत नाही म्हणून दुसरी प्रत त्याच मशीनमध्ये घातली. म्हणजे पहिलीची हळद आणि तांदळाची कणी हेडला चिकटलेली, त्याच हेडखाली दुसरी फिरवली. एक पाय घसरला म्हणून त्याच शेवाळावर दुसरा ठेवण्यातला प्रकार. मी त्यांना एवढं ऐकवलं की सदूभाऊ जिन्यात जाऊन उभे राहिले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे, त्या फ्लॉपीवर काय आहे ते सांगितलं.

जवसाच्या दोन जाती घेऊन त्यांचा संकर करायचा, त्याचं बी पेरायचं, चांगलं निवडायचं, पुन्हा पेरायचं. असं त्या वर्षानुवर्षं करत होत्या. प्रत्येक बियाण्याच्या पाकिटावर फक्त क्रमांक, आईबाप कोण ते नाही. मुद्दामच. आपल्या आवडत्या रोपाला माणसाची नजर झुकतं माप देते, म्हणून क्रमांक कॉम्प्युटरनं द्यायचे आणि कोणता क्रमांक कोणाचा ते कॉम्प्युटरनंच जाणायचं. कागदावर छापून ठेवायचं तर प्रिंटर कधीचा आजारी. कपाटात पाकिटं शेकड्यानं, आणि त्यांची ओळख ह्या दोन फ्लॉप्यांवर.

आता ह्या हंगामात त्यातलं निवडक बी मरीच्या तुकड्यात पेरायचं होतं. मर म्हणजे जवसाचा रोग, रोप उभ्याउभ्या वाळतं. केंद्रात एक लहानसा तुकडा मुद्दाम रोगट ठेवलेला असतो. त्यात जे तगेल ते खरं. तुकडा आमच्या ऑफिसच्या खोलीएवढा, त्यात मोजक्याच ओळी बसणार, म्हणून कोणतं पाकीट कोणाचं ते कळायलाच हवं. जमिनीची ओल आठवड्याभरात उतरणार, मग पेरून उपयोग नाही. आणि मॅडम मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. पुढचा हंगाम त्यांना नव्हता.

"माझे वडील पारशिवनीकडचे," त्या म्हणाल्या. "बांधालगत जवस पेरायचे, घरच्या तेलापुरतं. एका वर्षी मर आली. गावातलं सगळं जवस गेलं, बाबांचं उभं राहिलं. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही, मी लहान होते. ते गेल्यावर घर आवरताना डब्यात तळाला थोडं बी सापडलं. ते सगळं संकरात वापरलं मी. आता ते वेगळं कुठंच नाही. त्या पाकिटांमध्येच आहे, आणि कोणत्या पाकिटांमध्ये ते मला माहीत नाही."

मी त्यांना पाणी दिलं आणि साडीचा पदर खोचला. खरं सांगायचं तर माझ्या अंगात त्या क्षणी काहीतरी संचारलं होतं. तोवरची कामं म्हणजे पगारपत्रकं नाहीतर मालाच्या याद्या. असं काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता.

आधी रंगीत तालीम केली. आमच्याकडच्या, आता कोणालाच नको असलेल्या दोन फ्लॉप्या घेतल्या, त्यांना सदूभाऊंकडूनच तशीच हळद, तसंच कुंकू लावून घेतलं. त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करून राहिली. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकीच्या खिडकीवर हळूच फिरवला. हळद निघाली, पण कापूस तपकिरी झाला. तो तपकिरी थर म्हणजेच लिखाण. स्पिरिट हळदीबरोबर मजकूरही पुसून काढत होतं. मूळ फ्लॉपीवर हा प्रयोग केला असता तर तिथंच सगळं संपलं असतं.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या घरी दोरीवर एक रेशीमकाठी साडी वाळत होती, आणि मला आई आठवली. आमच्या घरी विणलेल्या साडीला हळद लागली की आई कधी साबण लावू द्यायची नाही. रिठे भिजत घालायचे, पाणी गाळायचं आणि त्यात साडी नुसती हलवायची, चोळायची नाही. रंग तसाच राहतो आणि मळ सुटतो. मी जिन्यातून ओरडले, सदूभाऊ, खालच्या किराण्यातून रिठे आणा. आणि बॅटरीवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. आमच्या केंद्राच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी कामात असताना ते सहसा मध्ये पडत नसत.

तालमीतल्या दुसऱ्या फ्लॉपीचं पाकीट ब्लेडनं एका कडेनं कापलं, चकती बाहेर काढली, गाळलेल्या रिठ्याच्या पाण्यात हलवली, शुद्ध पाण्यातून दोनदा काढली, दोरीवर टांगली. पंखा बंद, खिडक्या बंद, धूळ नको म्हणून. ऑक्टोबरचं ऊन, आम्ही सगळे घामानं चिंब. वाळल्यावर त्याच मापाच्या कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट रिकामं करून त्यात ही चकती सरकवली आणि मशीनमध्ये घातली. टक्, टक्, टक्. एका लयीत. तिच्यावर कोणाच्या तरी गोदामाची जुनी यादी होती, ती पडद्यावर आली, आणि मी साहेबांच्या समोर टाळ्या वाजवल्या.

मग खऱ्या दोन्ही. चकतीच्या दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, पण मशीन एकच बाजू वाचतं. उलटी बसली की कोरी. म्हणून बाहेर काढण्याआधी मधल्या भोकाजवळ, जिथं काही लिहिलेलं नसतं, तिथं शाईचा ठिपका. एकटीनं चकती धरून पाकीट कापणं जमेना. मॅडम म्हणाल्या, मी धरते, आणि त्यांनी चकतीची कड दोन बोटांत अशी धरली की मला नवल वाटलं. फुलातले केसर चिमट्यानं काढून काढून त्यांचे हात तयार झालेले होते. हळदीचा पिवळा डाग काही गेला नाही, पण डागाचं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. खर, म्हणजे ती चिकटलेली कणी, काढायची होती, ती निघाली. त्या संध्याकाळी चकत्या केंद्रात टांगून, खोलीला कुलूप लावून आम्ही घरी गेलो. किल्ली मी आमच्या साहेबांनाही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्याआधी येऊन जिन्यात उभ्या.

पहिली प्रत घातली. पहिल्याच पायरीला मशीन अडलं. फ्लॉपीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, कोणतं लिखाण कुठं आहे ते सांगणारी. मशीन आधी तिथंच जातं, म्हणून मॅडमनी फ्लॉपी घातली त्या दिवशीची सगळी खर तिथंच घासली गेली होती. पुस्तक आहे, पण पान सापडेना. दुसरी घातली. हिची अनुक्रमणिका आली, अडखळत का होईना पण आली. मात्र पुढं मधल्या भागात चर पडलेला. मी टेबलावर हात आपटला. मॅडम दचकल्या, त्यांना वाटलं गेलं. मी म्हटलं, मॅडम, ही दुसरी पहिलीची हुबेहूब नक्कल आहे ना? मग अनुक्रमणिका हिची घेऊ आणि मजकूर तिचा. एकीनं सांगायचं आणि दुसरीनं द्यायचं.

तसं करणारा छोटासा प्रोग्राम लिहायला दुपार झाली. मग वायर लावली आणि नव्या मशीनच्या पडद्यावर ओळी चढायला लागल्या. क्रमांक, बाप, आई. क्रमांक, बाप, आई. इंग्रजी अक्षरांत, हिरव्या रंगात. मॅडम एकेक ओळ पुटपुटत वाचत होत्या आणि मान हलवत होत्या, जत्रेत हरवलेली नातलग मंडळी एकेक करून परत यावीत तशा. मीही उभी राहिले. बसवतच नव्हतं.

आणि लय चुकली. टक्‌नंतर टक् येईना, नुसतं खरखर. पडद्यावर चूक. मी पुन्हा वाचायला सांगितलं, पुन्हा चूक. मॅडमनी शेवटच्या ओळीचा क्रमांक बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. बाबांच्या बियाण्याचे संकर त्यांनी सगळे एकदमच केले होते, एकाच आठवड्यात. नोंदीही ओळीनं एकत्र. त्या ह्याच्या पुढच्याच. दुसऱ्या प्रतीवर हा भाग चरातच गेलेला.

"जाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "एवढं मिळालं तेही पुष्कळ झालं."

त्यांनी असं म्हणायला नको होतं. मला कोणी जाऊ द्या म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही खुर्चीवर बसा आणि माझ्याशी बोलू नका. हेड साफ केलं. पुन्हा चूक. मशीन थंड होऊ दिलं. पुन्हा चूक. मग मला वाटलं, हे हेड नेहमी बाहेरून आत येतं. टोकाचं यंत्र जुनं, थोडं ढिलं, बाहेरून येताना जिथं थांबतं तिथं ते केसभर अलीकडे थांबत असेल. आतून बाहेर आणलं तर केसभर पलीकडे थांबेल. माझ्या प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली. आधी चकतीच्या पार मध्याला जा, मग उलटं ये. बटण दाबलं. हेड लांबवर टकटकत गेलं, परत आलं, थांबलं. स्टॅबिलायझरनं कट् केलं, दिवा मिचकावला, आणि मी मनातल्या मनात वीज मंडळाला म्हटलं, आत्ता नको, तुमच्या पाया पडते, आत्ता नको.

ओळ आली. दुसरी आली. आईच्या रकान्यात 'पारशिवनी गावरान' असं इंग्रजी अक्षरांत. तिसरी, चौथी, पुढची, सगळ्या.

मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि जिन्याकडे बघून म्हणाल्या, "सदूभाऊ, या ना, बघा. सापडले." सदूभाऊ दारातून आत आले, पडद्याला हात जोडायला गेले, माझ्याकडे बघून हात खाली घेतले. मग मीच त्यांना म्हटलं, जोडा भाऊ, हात जोडल्यानं काही बिघडत नाही. त्या दोन दिवसांत ते नीट जेवले नव्हते हे मला नंतर कळलं. त्या पाकिटांतलं बी त्यांनीच पेरलं, ओल असताना.

जानेवारीत मॅडमचा निरोप आला. सकाळीच या, जवसाचं फूल दुपारी गळतं. मी पहिल्यांदाच जवसाचं शेत बघत होते. आजूबाजूची वावरं निळी झालेली, आणि मधे तो मरीचा तुकडा, तपकिरी, करपलेला. ओळीच्या ओळी वाळून उभ्या. प्रत्येक ओळीला लाकडी पाटी. एवढ्यासाठी सगळं केलं का, असं मनात आलं. मॅडम पाट्या वाचत पुढं चालत होत्या. बाबांच्या बियाण्याची पहिली ओळ आली, ती गेलेली. दुसरीही गेलेली. तिसरीत दोनचार रोपं, तीही माना टाकलेली.

त्यापुढची ओळ अख्खी उभी होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कमरेपर्यंत, निळ्या फुलांनी भरलेली. तिच्या शेजारची पण. आजूबाजूला सगळं मेलेलं आणि ह्या दोन ओळी वाऱ्यावर हलत होत्या.

मी ओरडलेच. मला राहवलंच नाही, मी चपला हातात घेऊन बांधावर नाचले म्हणाना, चाळिशीच्या बाईनं नाचू नये तशी. सदूभाऊ हसत होते आणि रडत होते. मॅडम मात्र चपला काढून ओळीत शिरल्या. रोपांना हात लावत लावत मध्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. आयुष्यभर शुद्ध बोललेली ती बाई, आपल्या गावच्या बोलीत, अगदी हळू बोलली, पण शेतात वारा आमच्याकडे येत होता म्हणून ऐकू आलं.

"बाबा, मी आता रिटायर होऊन राहिली. तुमी राहा इथं."

सदूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. मी चपला खाली ठेवल्या, आणि त्या बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो.